बोटांची ‘तयारी’ : झाडीपट्टीच्या ऑर्गनपासून शोपाँच्या पियानोपर्यंत

पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांचा वनव्याप्त टापू ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जातो. धान घरात आले, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली, की या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट होळीपर्यंत चालतो. वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत रंगते. या रंगभूमीची दखल देशपातळीवरही घेतली गेली असून, गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. नट, विनोद, लावणी आणि नाट्यपदे यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु रंगमंचालगत बसून रात्रभर गाण्यांना साथ देणाऱ्या ऑर्गनवादकाच्या हातांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

वस्तुतः हे हात एका मोठ्या परंपरेचे धागे जुळवीत असतात. मराठी संगीत रंगभूमीवर गंधर्व नाटक मंडळीच्या काळात मानाचे स्थान मिळविलेला ऑर्गन हा मूळचा पाश्चात्त्य वाद्यकुटुंबातील. त्याची स्वरपट्टी आणि पियानोची स्वरपट्टी यांची रचना एकच; काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रमही तोच. त्यामुळे पियानोवादनात गेली तीनशे वर्षे ज्या प्रश्नाने वादकांना आणि शिक्षकांना झपाटून टाकले आहे, तोच प्रश्न झाडीपट्टीच्या ऑर्गनवादकापुढेही उभा असतो. हा प्रश्न म्हणजे बोटांना वेग कसा आणावा आणि तो आणताना हात कसा राखावा.

आपल्याकडे या वेगाला नेमका शब्द आहे : ‘तयारी’. ‘त्याचा हात तयार आहे’ असे म्हटले, की त्यात नुसती घाई अभिप्रेत नसते. स्पष्टता, लयीवरील पकड आणि सहजता या साऱ्या गोष्टी त्यात गृहीत असतात. ही तयारी नेमकी कशातून येते, याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. त्यांची किंमत कधी कधी वादकाला आपल्या हाताने चुकवावी लागते.

वेग म्हणजे किती?

प्रथम थोडे गणित पाहू. पोलंडचा विख्यात पियानोवादक-रचनाकार फ्रेडरिक शोपाँ याने १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बारा अभ्यासरचनांपैकी पहिलीच रचना उजव्या हाताची कसोटी पाहणारी आहे. तिच्यावर त्याने मिनिटाला १७६ ठोके अशी लय नोंदविली आहे. प्रत्येक ठोक्यात चार स्वर. म्हणजे मिनिटाला ७०४, अर्थात सेकंदाला सुमारे बारा स्वर झाले. आता आपल्याकडील हिशेब पाहा. मिनिटाला ३०० मात्रांच्या अतिद्रुत त्रितालात संवादिनीवादकाने मात्रेला दोन स्वर घेतले, तर सेकंदाला दहा स्वर होतात. दोन भिन्न संगीतपरंपरा वेगाच्या जवळजवळ एकाच उंबरठ्यावर येऊन थांबतात, हा योगायोग नाही. ती मानवी हाताची आणि मेंदूची मर्यादा आहे.

सामान्य माणसाने एकाच बोटाने टेबलावर शक्य तितक्या वेगाने टकटक केली, तर सेकंदाला पाच ते सात ठोके पडतात. कितीही रियाज केला तरी हा आकडा फारसा वाढत नाही. मग सेकंदाला बारा स्वर येतात कोठून? एक बोट खाली जात असतानाच दुसरे निघालेले असते आणि तिसरे आपल्या पट्टीवर पोहोचण्याच्या बेतात असते. वेग हा असा पाच बोटांनी वाटून घेतलेला असतो. म्हणजेच वेगाचे रहस्य बोटाच्या बळात कमी आणि बोटांच्या आपसांतील वेळापत्रकात अधिक आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सेकंदाला दहा स्वर म्हणजे दोन स्वरांमधील अंतर सेकंदाचा दहावा भाग. एखादा आवाज ऐकून त्यावर जाणीवपूर्वक प्रतिक्रिया द्यायला माणसाला याहून अधिक वेळ लागतो. साहजिकच, द्रुत लयीत प्रत्येक स्वर ऐकून, तपासून पुढचा स्वर वाजविणे शक्यच नसते. मेंदू स्वरांचा एक संपूर्ण गट एकच हालचाल म्हणून आधीच रचून ठेवतो आणि तो सलग सोडून देतो. आपण आपली सही करतो तेव्हा प्रत्येक अक्षराचा विचार करीत नाही. तसाच हा प्रकार. त्यामुळे रियाज म्हणजे अशा ‘सह्या’ घडविण्याचे काम होय. सही चुकीची घडली, तर ती चुकीचीच वेगाने होऊ लागते.

एकच पट्टी, तीन वाद्ये

पियानो, पायपेटी म्हणजेच ऑर्गन, आणि हातपेटी या तिघांची पट्टी सारखी दिसली, तरी पट्टीखाली जे घडते ते अगदी वेगळे आहे. तंत्रातील फरक तेथूनच सुरू होतात.

पियानो इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास घडविला. त्यात पट्टी दाबली, की नमद्याने मढविलेली हातोडी उसळून तारेवर आदळते आणि लगेच मागे फिरते. पट्टी सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते आणि ती दाबायला साधारण ५० ग्रॅमचे वजन पुरते. हातोडी किती वेगाने सुटली, यावर आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो. हातोडी एकदा सुटल्यानंतर पट्टी तळाशी कितीही जोराने दाबून धरली, तरी स्वरात कणभरही फरक पडत नाही. ते बळ वाया जाते आणि पुढच्या स्वराला उशीर मात्र होतो. १८२१ मध्ये पॅरिसच्या एरार कारखान्याने अशी योजना केली, की पट्टी पूर्ण वर येण्याची वाट न पाहता तोच स्वर पुन्हा वाजविता यावा. एकोणिसाव्या शतकातील पियानोवादनाच्या झपाट्याला या यांत्रिक सुधारणेचा मोठा आधार होता.

ऑर्गन आणि हार्मोनियम यांत हातोडी नसते. पट्टी दाबली की खालचे भोक उघडते, हवा पितळी सुरावरून वाहते आणि सूर कंप पावतो. आवाज बोटाच्या जोराने वाढत नाही. तो भात्यातील हवेच्या दाबाने वाढतो. पट्टी जोवर खाली आहे तोवर स्वर अखंड, पट्टी सुटली की स्वर तत्क्षणी बंद. पियानोत वाजलेला स्वर आपोआप विरत जातो. त्यामुळे दोन स्वरांमधील लहानशी फट झाकली जाते. ऑर्गनवर ती फट उघडी पडते. बोट क्षणभर लवकर उचलले तर तानेत छिद्र पडते, क्षणभर उशिरा उचलले तर दोन स्वर एकमेकांवर चढून गोंगाट होतो. म्हणून पियानोवादकाचा अर्धा रियाज बोट खाली नेण्याचा असतो, तर ऑर्गनवादकाचा अर्धा रियाज बोट नेमके वर उचलण्याचा असतो.

हातपेटीत आणखी एक अडचण आहे. डावा हात भात्यात गुंतल्याने वादनाचा सगळा भार एकट्या उजव्या हातावर येतो. पायपेटीने ही अडचण दूर केली. भाता पायांकडे गेला, दोन्ही हात मोकळे झाले आणि मराठी रंगभूमीला पियानोसारखे दोन हातांचे भरीव वादन लाभले. अर्थात, पायांची लय बोटांच्या लयीपासून स्वतंत्र ठेवणे हे ऑर्गनवादकाचे वेगळे कसब होय. बोटे द्रुत लयीत धावत असताना पायही नकळत धावू लागले, की हवेचा दाब हिंदकळतो आणि स्वर डळमळतो.

मींड नाही, म्हणून बोटे चपळ

पेटीवर स्वर सलग घसरत नेता येत नाही, म्हणजे खरी मींड निघत नाही, आणि तिचे स्वर समान अंतरांनी बांधलेले असतात, या आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. परंतु या मर्यादेनेच महाराष्ट्रातील वादकांच्या बोटांना एक खास चपळाई दिली, असे म्हणावे लागेल. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५), पी. मधुकर, त्यांचे शिष्य व मूळचे गोव्याचे पं. तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८), आणि हार्मोनियमला ‘संवादिनी’ हे नाव देऊन एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणारे मूळचे नागपूरचे पं. मनोहर चिमोटे यांनी गळ्यातील हरकती, मुरक्या, खटके पट्ट्यांवर उतरविले. दोन स्वरांमधील कण इतक्या झटकन आणि हलक्या स्पर्शाने घ्यायचा, की ऐकणाऱ्याला मींडेचा भास व्हावा, ही यातील युक्ती आहे. येथे वेग दाखविण्यासाठी नसून लपविण्यासाठी असतो. पियानोच्या पाठ्यपुस्तकांत हा धडा क्वचितच सापडेल.

हाताची घडण

बोटांना वाकविणारे व उघडणारे प्रमुख स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात, हे अनेक वादकांना ठाऊक नसते. तेथून निघालेल्या लांब कंडरा मनगटातून जाऊन बोटांना कळसूत्री बाहुलीप्रमाणे ओढतात. बारीक, नाजूक हालचाली सांभाळणारे लहान स्नायू तळहातात असतात. परिणामी, मनगट फार वर किंवा फार खाली मुडपलेले असेल, तर या कंडरा वाकड्या मार्गाने ओढल्या जातात. बोट जड होते आणि घर्षण वाढते. मनगट व अग्रबाहू जवळजवळ एका रेषेत राहावेत, असा आग्रह शिक्षक धरतात तो याच कारणाने.

अनामिकेची कहाणी वेगळीच आहे. हाताच्या पाठीवर तिची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी आडव्या बंधांनी जोडलेली असते. मूठ वळून एकेक बोट उचलून पाहिले, तर अनामिका सर्वांत कमी उचलली जाते, हे कोणालाही स्वतःवर ताडून पाहता येईल. ही जन्मजात रचना आहे, आळस नव्हे. बळाने ती बदलू पाहणे धोक्याचे असते.

अंगठ्यालाही त्याचे स्थान उशिरा मिळाले. जुन्या युरोपीय वादकांत अंगठा बव्हंशी मोकळाच राही. योहान सेबास्टियन बाख यांच्या पिढीने तो कामाला लावला आणि त्यांचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने १७५३ मधील आपल्या ग्रंथात अंगठा इतर बोटांखालून सरकविण्याची पद्धत तपशीलवार मांडली. पाच बोटांनी सप्तकामागून सप्तक अखंड ओलांडायचे, तर अंगठ्याचे हे सरकणे म्हणजे वेगाची किल्लीच होय. द्रुत तान जेथे अडखळते, तेथे बहुतेक वेळा अंगठा उशिरा पोहोचलेला असतो.

चेर्नी, हॅनन आणि शोपाँ

एकोणिसाव्या शतकात पियानो घराघरांत पोहोचला आणि बोटांच्या कसरतींचा एक उद्योगच उभा राहिला. १८१५ मध्ये मेल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले, त्यामुळे वेग आकड्यात मोजता येऊ लागला. बेथोव्हेनचा शिष्य आणि फ्रान्झ लिस्टचा गुरू कार्ल चेर्नी (१७९१-१८५७) याने अभ्यासधड्यांचे ढीग रचले. त्यांतील वेगाच्या पाठांचा संग्रह विद्यार्थी अजूनही वाजवितात. १८७३ मध्ये हॅनन या फ्रेंच शिक्षकाने साठ कसरतींचे पुस्तक काढले. पाचही बोटे समान बळकट करावीत, हा त्याचा उद्देश. एकच आकृती एकेक स्वर पुढे सरकवीत न्यायची, ही त्याची रीत आपल्या अलंकार-पलट्यांशी मिळतीजुळती आहे.

शोपाँचा विचार याच्या नेमका उलट होता. प्रत्येक बोटाची घडण वेगळी असल्याने त्याचा स्पर्शही वेगळा असणार; ते वेगळेपण पुसण्याऐवजी उपयोगात आणावे, असे त्याचे मत होते. तो विद्यार्थ्यांना पहिली सप्तकपंक्ती शिकवी ती पांढऱ्या पट्ट्यांची नव्हे. आपल्या भाषेत सांगायचे तर, ‘पांढरी सात’ हा षड्ज धरून बिलावल वाजवावा, तशी ती पंक्ती. तीत पाचही काळ्या पट्ट्या येतात. मधली लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा पांढऱ्यांवर, अशी हाताची नैसर्गिक कमान आपोआप तयार होते. दिसायला सर्वांत सोपी असलेली ‘पांढरी एक’ची पंक्ती हाताला वस्तुतः सर्वांत अवघड, म्हणून ती शेवटी.

झाडीपट्टीच्या किंवा कोणत्याही मराठी साथीदाराला हे तत्त्व पटकन उमगावे. गायक नट काळी एकमध्ये गातो, नटी काळी चार किंवा काळी पाचमध्ये. साथीदाराला एकाच रात्री अनेक पट्ट्यांत हात फिरवावा लागतो. तीच चीज पट्टी बदलताच हाताला वेगळी का वाटते, हे कोडे बोटांच्या लांबीत आणि काळ्या-पांढऱ्यांच्या उंचीत दडलेले आहे. प्रत्येक पट्टीसाठी बोटांची योजना निराळी बसविणे, हा तयारीचा अविभाज्य भाग ठरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी विचारांना आणखी एक वळण मिळाले. इंग्लंडचे टोबायस मॅथे, जर्मनीचे रुडॉल्फ ब्राइटहाउप्ट आदी शिक्षकांनी केवळ बोटांवर भर देण्याऐवजी संपूर्ण बाहूचे वजन, अग्रबाहूचे सूक्ष्म फिरणे आणि स्नायू सैल सोडणे यांवर भर दिला. निष्णात वादक नवशिक्यापेक्षा कमी स्नायुबळ खर्च करून तोच स्वर काढतो, हे पुढे प्रयोगांतूनही दिसून आले. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून झपाझप धान लावणाऱ्या स्त्रियांचा हात पाहिला, की हीच गोष्ट ध्यानी येते. दिवसभर टिकणारा वेग हा अनावश्यक हालचाल गाळल्यानेच येतो.

संथ रियाज : पण कसा?

‘आधी संथ वाजव, मग लय वाढव,’ हा उपदेश प्रत्येक शिष्य ऐकतो. तो खराच आहे, पण अर्धा. चालणे आणि धावणे या दोन भिन्न क्रिया आहेत. चालण्याचा वेग वाढवीत नेल्यास एका मर्यादेनंतर पाय अडतात आणि शरीराला पद्धतच बदलावी लागते. पट्टीवरही तसेच घडते. संथ लयीत बोटे उंच उचलून, प्रत्येक स्वर जोराने दाबून केलेला रियाज मेट्रोनोमवर पाच-पाच ठोके वाढवीत नेला, तर ठरावीक ठिकाणी भिंत लागते. कारण संथ लयीत घटविलेली हालचालच द्रुत लयीत चालणारी नसते. म्हणून वाजवायचे संथ, परंतु हालचाल द्रुत लयीतली, म्हणजे पट्टीलगत, हलकी आणि छोटी, असा रियाज करावा लागतो.

त्यासाठी जाणते शिक्षक काही उपाय सांगतात. पहिला, गटांचा. लांब तान एकदम न घेता तीन-चार स्वरांचा तुकडा पूर्ण वेगात वाजवायचा आणि थांबायचे. थांबल्यावर हात सैल झाला आहे का, हे पाहायचे. मग पुढचा तुकडा. हळूहळू तुकडे जोडत जायचे. थांबा आहे म्हणून बोटांना वेगाची खरी हालचाल ओळखीची होते आणि ताण साठत नाही.

दुसरा उपाय लय मोडण्याचा. समान अंतराच्या स्वरांना एकदा दीर्घ-ऱ्हस्व आणि एकदा ऱ्हस्व-दीर्घ असे वाजविल्यास प्रत्येक जोडीतील एक उडी वेगात होते आणि पुढच्या उडीपूर्वी विचाराला अवसर मिळतो. दोन्ही प्रकार घटले, की समान लयीत तान आपोआप सफाईदार होते.

तिसरा उपाय हातांचे ठसे पाहण्याचा. तानेतील जे स्वर हात एका जागी असताना येतात, ते सर्व एकदम दाबून पाहायचे. असे केल्याने तान अनेक स्वरांऐवजी तीन-चार ‘जागा’ म्हणून मनात बसते आणि अंगठा कोठे सरकणार, हे आधीच ठरते. बोटयोजना एकदा ठरली, की ती रोज बदलू नये. कारण मेंदू स्वर आणि बोट यांची जोडीच लक्षात ठेवीत असतो.

चौथी गोष्ट विश्रांतीची. नव्याने शिकलेली बोटांची मालिका झोपेनंतर अधिक अचूक व वेगवान होते, असे प्रयोगांत आढळले आहे. सलग चार तास घासण्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाचे, मध्ये विसावा असलेले रियाज अधिक फळ देतात. एखादी जागा आज काही केल्या जमली नाही, तर ती सोडून देऊन उद्या घेण्यात शहाणपण असते.

आणि अखेरचे, कानाचे. द्रुत लयीत वाजविताना वादकाला स्वतःचे दोष ऐकू येत नाहीत. आपले वादन ध्वनिमुद्रित करून संथ गतीने ऐकल्यास कोणता स्वर दबला, कोठे दोन स्वर एकमेकांवर चढले, हे स्पष्ट कळते. हातातील मोबाइल फोन या कामी पुरेसा आहे.

तुटलेल्या हातांचा इतिहास

वेगाच्या ध्यासाने पुष्कळ हात निकामी केले आहेत. रॉबर्ट शुमान याला पियानोवादक व्हायचे होते. १८३० नंतरच्या वर्षांत त्याच्या उजव्या हाताचे बोट निरुपयोगी झाले. बोटाला बळ आणण्यासाठी वापरलेल्या यांत्रिक साधनाचा यात वाटा असावा, असे मानले जाते. जगाला एक थोर रचनाकार लाभला. वादक मात्र हरवला. रशियन रचनाकार स्क्रिआबिन याने विद्यार्थिदशेत अवघड रचनांचा अतिरेकी सराव करून उजवा हात दुखावून घेतला आणि त्या काळात केवळ डाव्या हातासाठी रचना केल्या. अमेरिकी वादक लिऑन फ्लायशर याची उजव्या हाताची दोन बोटे १९६४ मध्ये, ऐन बहरात, आपोआप आत वळू लागली. ‘फोकल डिस्टोनिया’ या मेंदूशी निगडित विकाराने त्याला तीन दशके दोन हातांच्या वादनापासून दूर ठेवले. १९९० च्या दशकात उपचारांनी तो पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागला.

ही उदाहरणे युरोप-अमेरिकेतील असली, तरी हात सर्वत्र सारखेच असतात. झाडीपट्टीच्या हंगामात तर धोका अधिक. डिसेंबर-जानेवारीतील कडाक्याची रात्र, उघड्यावरचा मंडप, पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. थंडीत स्नायू आणि चेता या दोन्हींचे काम मंदावते. गार बोटांनी एकदम द्रुत गत उचलणे म्हणजे दुखापतीला निमंत्रण. प्रयोगापूर्वी हात गरम पाण्यात किंवा शेकोटीशी ऊबदार करणे, पहिली दहा मिनिटे संथ लयीत वाजविणे, दोन गाण्यांच्या मधल्या प्रवेशांत हात मांडीवर सैल सोडणे, बैठकीची उंची अशी ठेवणे की कोपर पट्टीच्या पातळीला राहील, या साध्या गोष्टी आहेत. वेदना, बधिरता किंवा मुंग्या हे रियाजाचे भूषण नव्हे. तो थांबण्याचा इशारा असतो. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतरही ती लक्षणे राहिली, तर वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे. ज्याचे हंगामाचे उत्पन्न दहा बोटांवर अवलंबून आहे, त्याने दुखणे अंगावर काढणे परवडणारे नाही.

कीबोर्डच्या काळात

आज ऑर्गनशेजारी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे. तो हलका, वाहून न्यायला सोपा. हवामानाने त्याचे सूर उतरत नाहीत. विदर्भाचा कडक उन्हाळा आणि दमट पावसाळा यांत लाकडी पियानो सुरात राखणे किती कठीण, हे लक्षात घेतले तर ही सोय मोठीच म्हणायची. परंतु साध्या कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगच्या आणि अतिशय हलक्या असतात. त्यांवर कमावलेला वेग खऱ्या पियानोच्या वजनदार पट्टीवर टिकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतील ज्या मुलांना पुढे पाश्चात्त्य पियानोच्या परीक्षा द्यायच्या असतील, त्यांनी वजनदार पट्ट्यांचे डिजिटल वाद्य मिळते का, हे पाहणे हिताचे. उलट, ज्यांचा हात ऑर्गनवर घडला आहे, त्यांच्याकडे स्वर जोडण्याची आणि बोट वेळेवर उचलण्याची जी शिस्त असते, तिचा पियानोवर त्यांना निश्चितच लाभ होतो. शिकायचे राहते ते स्पर्शाने आवाज लहानमोठा करणे.

एक फरक मात्र कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही. ध्वनिमुद्रित संगीतावर गाणारा नट यंत्राच्या लयीला बांधलेला असतो. प्रत्यक्ष साथ असेल, तर प्रेक्षकांची ‘वन्स मोअर’ आली की नट तान वाढवितो, लय चढवितो, आणि ऑर्गनवादकाला त्याच क्षणी त्याच्या मागे धावावे लागते. तेथे मेट्रोनोम नसतो आणि लिहिलेली स्वरलिपीही नसते. शोपाँच्या अभ्यासरचना वाजविणाऱ्याला आपण काय वाजविणार, हे महिनोन् महिने आधी ठाऊक असते. नाटकाच्या साथीदाराला ते पुढच्या अर्ध्या सेकंदात कळते. अशा वेळी उपयोगी पडते ती पलट्यांतून, तुकड्यांतून आणि संथ रियाजातून आधीच घडलेली बोटांची स्मृती.

म्हणूनच वेगाची स्पर्धा ही तयारीची खरी कसोटी नव्हे. उत्तररात्री, थंडीत, पाचव्या-सहाव्या पदालाही स्वर तितकेच स्वच्छ, हात तितकाच सैल आणि गायक निर्धास्त असेल, तर तो हात तयार म्हणावा. पियानोच्या तीनशे वर्षांच्या अनुभवाचे सार हेच सांगते, की वेग मागून मिळत नाही. अडथळे दूर केले की तो आपण होऊन येतो. हे शास्त्र झाडीपट्टीतील नव्या पिढीच्या वादकांपर्यंत पोहोचले, तर त्यांचे हात अधिक वर्षे टिकतील आणि त्या हातांबरोबर प्रत्यक्ष साथीची ही परंपराही टिकेल.